दाट पडदा, पुसट अक्षरं

प्रश्न : 14 इंची लॅपटॉप, पडदा 2880 × 1800, त्यावर उबुंटू (लिनक्स प्रणाली). स्केल, म्हणजे पडद्यावरच्या मजकुराचा आकार, 100 टक्क्यांवर ठेवला तर अक्षरं मुंगीएवढी, 150 वर क्रोममधली जोडाक्षरं पुसट. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पडदा उत्तमच आहे, इंचाला सुमारे 243 ठिपके! क्रोम पडद्यावर चित्र काढण्याच्या जुन्या एक्स-11 पद्धतीने चालत असेल, तर चित्र लहान काढून मग ताणलं जातं. ‘ष्ट्र’चा लगदा होतो तो त्यामुळे. लॉगआउट करा, नावावर क्लिक करून कोपऱ्यातलं दातेरी चाक दिसलं तर दाबा नि साधं ‘उबुंटू’ (त्यात ‘वेलँड’ ही नवी पद्धत असते) निवडा, जुन्या एक्स-11चं ‘एक्सऑर्ग’वालं असलं तर ते नको. मग क्रोमच्या फ्लॅग्जमध्ये (पत्त्याच्या जागी chrome://flags लिहून उघडणाऱ्या प्रायोगिक पर्यायांत) ‘प्रेफर्ड ओझोन प्लॅटफॉर्म’ हा पर्याय दिसला तर ‘वेलँड’वर ठेवा. क्रोम पूर्ण बंद करून उघडा.

एखादं जुनं ॲप तरीही हट्टाने पुसटच राहिलं, तर स्केल 100 वर आणून ‘ट्वीक्स’ या सेटिंगच्या ॲपमध्ये फॉन्टचा स्केलिंग फॅक्टर 1.5 करा. चिन्हं मात्र बारीकच राहतील.