वडील गेल्यापासून मालिकेतल्या एका पात्रात तेच दिसतात. हे वेड आहे का?

वेड कसलं! पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या एकतर्फी जवळिकीवर हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय दुःख सरत नाही, हा जुना आग्रहही १९९० च्या दशकात बराच सैल झाला. नातं रूप बदलून टिकतं, असं आता मानतात. पात्राचं एक बरं असतं, ते दर वेळी तसंच भेटतं. फक्त तुमचं ऐकत नाही. (मालिका संपली की पुन्हा पोरकं वाटतं, तीही तयारी ठेवा.) त्याला पाहून वडिलांविषयी कुणाशी बोलावंसं वाटत असेल, तर खुशाल बघा. झोप, काम, माणसं सुटू लागली तर मात्र समुपदेशकाला गाठा.