मुलगी तीन वर्षांची होतेय. बालवाडी निवडताना नेमकं काय बघावं?

शाळा भरलेली असताना जा. ऑफिसात बसून माहितीपत्रक चाळण्यात काही अर्थ नाही. वर्गाच्या दाराशी दहा मिनिटं उभं राहा. बाई मुलांशी खाली बसून बोलतात की खुर्चीतून ओरडतात? संडास किती लांब आहे, चड्डी ओली झाली तर कोण बदलतं, हे न लाजता विचारा.

आमच्या लेकासाठी पाहिलेल्या एका शाळेत साडेतीन वर्षांची पोरं चौकटीच्या वहीत १ ते ५० गिरवत होती. दुसरीकडे एक मुलगी परातीतले राजमा आणि चवळी वेगळे करत होती, जीभ बाहेर काढून, अगदी तल्लीन. आम्ही दुसरी घेतली. बोटांत ताकद आली की पेन्सिल आपोआप धरता येते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरजवळच्या कोसबाड गावात आदिवासी मुलांना परिसरातल्याच वस्तूंमधून शिकवलं. महागडी खेळणी लागतातच असं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं, म्हणजे बालवाडी ते दुसरी, हा एकच पायाभूत टप्पा आहे. मग लिहायची घाई कशाला?

आणि माध्यम कुठलंही घ्या, घरी मराठीत भरपूर बोला. मटार सोलताना मोजा, रात्री गोष्ट सांगा. शाळा शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर हवी. व्हॅनमध्ये पाऊण तास पेंगणारं पोर वर्गात काय शिकणार?