सुंता, संवेदना आणि दहापैकी चार

"सुंता झाली म्हणून मला अर्धंच सुख मिळतंय का?" वेगवेगळ्या शब्दांत हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. या वेळी विचारणारा नुकतंच लग्न झालेला तरुण होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सुंता लहानपणीच झालेली. त्याने मोबाइलवरचा तक्ता दाखवला: प्रत्येक संबंधानंतर संवेदनेला दहापैकी मार्क. बहुतेक तीन, फार तर चार. शिवाय गेले काही महिने तो उरलेली कातडी चिकटपट्टीने ताणून ठेवत होता, ती पुन्हा वाढावी म्हणून.

'काहीच फरक पडत नाही' असं सरसकट सांगणं मला पटत नाही. अग्रत्वचा, म्हणजे शिश्नाच्या टोकावरची कातडी, हलका स्पर्श फार चांगला टिपते आणि सुंतेत ती जाते. पण म्हणून शिश्नमुंड (शिश्नाचं टोक) बधिर होतं, असं दिसलेलं नाही. कॅनडात 62 पुरुषांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुंता झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या मुंडाच्या संवेदनेत ठळक फरक आढळला नाही.

ताण दिल्याने कातडी वाढते, हे खरं. मुंड झाकलं गेलं की कपड्याचं घर्षण थांबतं आणि बरं वाटतं, असं काही जण सांगतात. मात्र याला वर्षं लागतात, आणि सुंतेत गेलेली मज्जातंतूंची खास टोकं परत येत नाहीत.

मग मी विचारलं, "मार्क नेमके कधी ठरवता?"

"तेव्हाच. मनातल्या मनात."

म्हणजे ऐन वेळी हा परीक्षक! हस्तमैथुनाची सवयही घट्ट मुठीची आणि घाईची. सगळ्यात शेवटी, जाता जाता म्हणावं तसं, त्याने सांगितलं की चिंतेसाठी एक गोळी चालू आहे. चिंतेवरच्या काही गोळ्यांनी संवेदना मंदावते, वीर्यपतन लांबतं. गोळी परस्पर बंद करू नका, मनोविकारतज्ज्ञांशी बोला, असं मी बजावलं. तक्ता पुसून टाकायचा आणि काही दिवस दोघांनी संबंधाचा आग्रह न धरता नुसता स्पर्श करायचा, असं ठरलं.

डॉक्टरांनी औषध बदललं. हळूहळू फरक पडला. औषधामुळे किती आणि तक्ता पुसल्यामुळे किती, हे सांगता येणार नाही. कातडी ताणणं त्याने सोडलेलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. लाली, दुखणं किंवा चीर दिसली की थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, एवढं त्याने कबूल केलंय.