स्पोर्टी छोट्या गाडीचा फटाके फोडणारा सायलेन्सर रोजच्या वापरात झेपतो का?

तुम्ही विचारलंय की टेस्ट ड्राइव्हला आवडलेला स्पोर्टी हॅचबॅकचा फटफट आवाज रोज ऐकून डोक्यात जाईल का, आणि त्या फटाक्यांनी इंजिन खराब होतं का. माझ्याकडे अशीच एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे आणि कामाला जायला-यायलाही तीच असते. फटाक्यांचा मला अजून तरी कंटाळा आलेला नाही. ते क्षणभराचे असतात आणि बहुतेक वेळा आपणच ते वाजवलेले असतात. डोक्यात जाते ती लांबच्या प्रवासातली घुमघुम. गाडी बघायला जाणारा फटाके ऐकून भाळतो आणि घुमघुम ऐकायची राहूनच जाते, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो.

पण आधी फटाके. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की एरवी ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बंदच करून टाकतो. तेव्हा चाकंच इंजिन फिरवत असतात आणि पेट्रोल अजिबात जात नाही. स्पोर्ट मोडमध्ये तो मुद्दाम थोडं पेट्रोल सोडत राहतो आणि ठिणगी उशिरा पाडतो. इतकी उशिरा, की जळण पुरतं व्हायच्या आत एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि उरलेला जाळ पाइपमध्ये होतो. पडपड, फट्, ठो, जे काय ऐकू येतं ते हेच. रॅलीच्या गाड्यांत याच जातीची युक्ती टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) फिरता ठेवायला वापरतात. रस्त्यावरच्या गाडीत तिचा उपयोग निव्वळ करमणुकीचा: वेग वाढत नाही, थोडं पेट्रोल मात्र जास्त जळतं. हे सगळं कळूनही उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढायची मजा काही कमी होत नाही.

कंपनीने दिलेल्या फटाक्यांची मी काळजी करत नाही. ते ठरावीक आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर आणि थोडा वेळच वाजतात, आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) किती तापेल याचा हिशेब करून ते बसवलेले असतात. बाहेरून ईसीयू रीमॅप करून, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदलून, घेतलेले फटाके ही वेगळी भानगड आहे. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची बारीक छिद्रांची जाळी असते. जळायचं राहिलेलं पेट्रोल त्या जाळीत जाऊन पेटलं की तिथलं तापमान झपाट्याने चढतं. हे सारखं होत राहिलं तर जाळी तडकते, प्रसंगी वितळून तिची छिद्रं बुजतात, धूर बाहेर पडायला वाट राहत नाही आणि गाडीचा पिकअप जातो. टर्बो आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह यांनाही ती उष्णता सोसावी लागते. चार मित्रांना ऐकवण्यासाठी एवढं करावं असं मला वाटत नाही.

एक मात्र नीट ओळखायला शिका. पाय काढल्यावर येणारा फटका ठीक. पाय दाबलेला असताना, गाडी ओढत असताना फटके यायला लागले, हिसके बसायला लागले, तर गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाहीये. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल तपासून घ्या. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर जोर लावणं तिथल्या तिथे थांबवा, कारण कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातंय असा त्याचा अर्थ असतो. आणि नॉर्मल मोडमध्येही पाय काढल्यावर अचानक फटफट सुरू झाली असेल तर पाइपचा एखादा जोड किंवा गॅस्केट गळत असण्याची शक्यता मोठी. थंड इंजिनवर टिकटिक असा आवाज येऊन गरम झाल्यावर तो कमी झाला तर हा संशय आणखी पक्का.

आता घुमघुम. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे 3,000 आरपीएमला सेकंदाला 100. तीन सिलिंडरचं असेल तर 75. हे कानाला ऐकू येण्यापेक्षा छातीत आणि कपाळात जाणवणारे आवाज. छोट्या हॅचबॅकमध्ये सायलेन्सर डिकीच्या खालीच असतो, मध्ये बंद डिकीही नसते, आणि केबिनमधली हवा आणि मागचे पत्रे नेमक्या एखाद्या आरपीएमला साथ द्यायला लागतात. सारख्या वेगाने जाताना टॉप गिअरमध्ये इंजिन नेमकं 2,500 ते 3,000 च्या मध्ये अडकलेलं असतं, आणि घुमण्याचा पट्टा तिथेच असेल तर तासाभरात डोकं जड होतं. त्या पट्ट्याच्या दोनशे-तीनशे आरपीएम वर किंवा खाली गेलं की आवाज चक्क विरतो. म्हणून मी वेग थोडा बदलतो किंवा एक गिअर उतरवतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

डिकीत फोम किंवा नमदा कोंबून याच्यावर फार फरक पडत नाही. ते तीक्ष्ण आवाज पितात, एवढ्या खालच्या सुराचे नाही. डिकीवरचा ट्रे मात्र काढून ठेवू नका, काढला की आवाज सरळ केबिनमध्ये येतो. खरा उपाय म्हणजे सायलेन्सरच्या पाइपला एका टोकाला बंद असलेली आडशाखा जोडणं. तिची लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या पाव असली की परत आलेली लाट मूळ लाटेला मारते. पण 100 हर्ट्‌झसाठी, गरम धुराचा हिशेब धरून, ती सव्वा मीटरच्या आसपास येते आणि छोट्या गाडीच्या पोटाखाली तेवढी जागा शोधणं म्हणजे कसरतच. (जाता जाता: रुंद, कमी उंचीच्या टायरांचा खडखडाट लोक सायलेन्सरच्या नावावर खपवतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून क्षणभर ऐका, तरीही आवाज तसाच असेल तर तो टायरचा.)

शेजाऱ्यांना फटाक्यांपेक्षा जास्त खुपतं ते सकाळचं थंड स्टार्ट. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन तेव्हा जास्त आरपीएमवर फिरतं आणि ठिणगीही उशिरा पडते, त्यामुळे पहिला मिनिटभर गाडी सगळ्यात मोठ्याने बोलते. यावर बटण नाही. जागेवर उभी ठेवून गरम करत बसू नका, पट्टा लावा आणि हळू हाकत निघा. इंजिनलाही तेच बरं.

बाकी सगळा खेळ मोडचा आहे. ह्युंदाईच्या एन या स्पोर्टी गाड्यांत कस्टम मोडमध्ये इंजिन स्पोर्टवर आणि सायलेन्सर नॉर्मलवर असं वेगवेगळं लावता येतं, आणि रोजच्या वापरात अशी सोय सोन्याची असते. अबार्थच्या (फियाटचा स्पोर्टी ब्रँड) काही पेट्रोल गाड्यांसोबत आलेल्या रेकॉर्ड मोन्झा सायलेन्सरमध्ये झडपा असतात, त्या उघडल्या की आवाज मोकळा होतो. याच कंपनीने 2023 मध्ये आणलेल्या इलेक्ट्रिक 500ई ला तर बाहेर स्पीकर लावून पेट्रोल इंजिनाची गुरगुर ऐकवली जाते! मला ते थोडं हास्यास्पद वाटतं, पण निदान ती बंद करता येते.

नवी घ्यायची की जुनी, यानेही फरक पडतो. 2018 च्या सुमारास युरोपातल्या पेट्रोल गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर बसायला लागले आणि सायलेन्सरचा सूर दबला. तिथली आवाजाची मर्यादाही 2016 पासून टप्प्याटप्प्याने 72 वरून 70 आणि मग 68 डेसिबलकडे आणण्याचं ठरलं, तीही साध्या ताकदीच्या गाड्यांसाठी. जास्त ताकदीच्या गाड्यांना थोडी सूट आहे. त्यामुळे नव्या गाड्यांत केबिनमधला बराचसा आवाज स्पीकरचा असू शकतो.

टेस्ट ड्राइव्हला गाडी थंड असतानाच सुरू करून मागा. मग टॉप गिअरमध्ये एकाच वेगाने दहा मिनिटं चालवा, रेडिओ बंद ठेवून, आणि घरच्या कुणाला तरी मागच्या सीटवर बसवा. तिथे घुमघुम सगळ्यात जास्त असते. जुनी घेत असाल तर ईसीयू रीमॅप झालाय का आणि सायलेन्सर मूळचा आहे का, हे लेखी विचारा. बाहेरचा बसवला असेल आणि मूळचा विकणाऱ्याकडे पडून असेल, तर तो व्यवहारातच मागून घ्या.