तुर्की प्राण्यांची नावं पाठ का होत नाहीत?

तुर्की शिकायला लागलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : प्राण्यांच्या नावांची यादी पाठ केली तरी चार दिवसांत उडून जाते; मराठीत इतके फारसी-अरबी शब्द रुळलेत, त्यांचा इथे काही उपयोग होईल का?

होईल, पण थोडाच. 'प्राणी' हा शब्दच तुर्कीत 'हायवान' आहे, म्हणजे आपला हैवान. मराठीत तो फक्त क्रूर माणसासाठी उरला. तुर्कीत मांजरापासून हत्तीपर्यंत सगळे हायवान, आणि रागाच्या भरात माणसालाही तसं म्हणतात. बुलबुल तिथे 'ब्युलब्युल' होतो. मोर 'ताऊस', तख्त-ए-ताऊसमधला. हत्ती 'फिल', आपल्या जुन्या फीलखान्यातला. बुद्धिबळ खेळत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की तुर्की पटावरचा फिल हा आपला उंट आहे. आपल्या हत्तीला ते 'काले', म्हणजे किल्ला, म्हणतात.

गोठ्यातले आणि कळपातले प्राणी मात्र या वाटेने सापडणार नाहीत. ती नावं बहुतेक अस्सल तुर्की आहेत. इथे माझा आग्रह एकच : यादी बाजूला ठेवा आणि आठ-दहा मूळ शब्द पक्के करा. कुश (पक्षी), बालक (मासा, दुसरा स्वर आपल्या 'अ'च्या जवळ जातो), ब्योजेक (किडा), देवे (उंट), क्योपेक (कुत्रा), आत (घोडा), सू (पाणी), देनिझ (समुद्र). बाकीची कितीतरी नावं यांच्याच जोडणीतून तयार होतात.

उंट आणि पक्षी मिळून 'देवेकुशू', म्हणजे शहामृग. फारसीतला शुतुरमुर्गही 'उंटपक्षी'च. क्योपेक आणि बालक जोडले की शार्क. देनिझ आणि आत यांचा समुद्रघोडा झाला, आणि सू ला 'आयगर' (वळू घोडा) जोडला की आपला पाणघोडा. जोडताना दुसऱ्या शब्दाला छोटं शेपूट लागतं : कुश चा कुशू होतो, देवे चा देवेसी. हे शेपूट व्याकरणात पुढे पदोपदी भेटणार आहे, त्यामुळे ते इथेच अंगवळणी पडलं तर फारच छान.

सगळ्यात बहार आहे ती किड्यांची. ब्योजेक ला शेपूट लागलं की त्यातला 'क' विरतो आणि 'ब्योजेई' ऐकू येतं. हामाम ब्योजेई म्हणजे न्हाणीघरातला किडा, झुरळ. आतेश ब्योजेई हा आगीचा किडा, काजवा (आतेश म्हणजे आपल्या आतषबाजीतला आतश). ऊर ब्योजेई हा शकुनाचा किडा, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला. आऊस्तोस ब्योजेई हा ऑगस्टचा किडा, भर उन्हाळ्यात झाडावर किर्र करणारा सिकाडा. आणि पुढचे पाय जोडून बसणारा प्रार्थनाकीटक? त्याला ते 'पेयगाम्बेरदेवेसी', पैगंबराचा उंट, म्हणतात. हे शब्द एकदा समजून घेतले की पाठ करावे लागत नाहीत.

स्वरांकडे मात्र कान हवा. आत म्हणजे घोडा, एत म्हणजे मांस, इत म्हणजे कुत्रा (हा शब्द आता बराचसा शिवीकडे झुकलाय), ओत म्हणजे गवत. 'आता एत, इते ओत वेरमेक' असा वाक्प्रचारच आहे : घोड्याला मांस नि कुत्र्याला गवत घालणं, म्हणजे ज्याला जे नको तेच त्याला देणं. रोज मोठ्याने म्हणा; चारही शब्द बसतील आणि 'ला' या अर्थाचा प्रत्ययही.

प्राण्यांच्या आवाजांची क्रियापदंही याच रीतीने शिकावीत. कुत्रा 'हाव हाव' करतो म्हणून भुंकणं झालं 'हावलामाक', 'मियाव'वरून 'मियावलामाक', मेंढीच्या 'मे'वरून 'मेलेमेक'. आधी आ-कार असेल तर 'लामाक', ए-कार असेल तर 'लेमेक' : तुर्कीतली प्रसिद्ध स्वरसंगती हीच.

मराठी माणसाला एक सवय सोडावी लागते, ती लिंगाची. घोडा आला, घोडी आली, शिंगरू आलं, ही आपल्या क्रियापदांची कसरत तिथे नाही; नर असो, मादी असो की पिल्लू, क्रियापद तेच. याचा अर्थ शब्द कमी आहेत असा नाही. कळप हाकणाऱ्यांची ही भाषा. घोडी 'कसराक', शिंगरू 'ताय', एडका 'कोच', कोकरू 'कुझू', आणि तेच वर्षाच्या आसपास वाढलं की 'तोक्लू'. कुझू हा आईबापांच्या तोंडी लाडाचा शब्दही आहे; 'कुझूम' म्हणजे माझं कोकरू.

इस्तंबूलच्या मासळीबाजारात हा बारकावा आणखी दिसतो. बॉस्फरस सामुद्रधुनीतल्या लूफेर या एकाच माशाची नावं आकाराप्रमाणे बदलतात. अगदी लहान असतो तेव्हा तो 'देफ्नेचं पान' (देफ्ने हे तमालपत्रासारख्या पानांचं झाड), मग चिनेकोप, मग सारकानात (पिवळपंखी), मग कुठे लूफेर, आणि त्याहून मोठा झाला की कोफाना.

शेवटी एक शब्द आपल्यासाठी खास जपून वापरायचा : 'हिंदी'. इंग्रजीने ज्या पक्ष्याला तुर्कस्तानचं नाव दिलं आणि मराठीत जो टर्की झाला, तो मूळचा अमेरिकेतला. तुर्कांनी मात्र त्याला हिंदुस्थानचा ठरवलं. त्यामुळे तुर्कीत हिंदी म्हणजे टर्की पक्षी. स्वतःची ओळख करून देताना 'हिंत्ली' म्हणा, आणि हिंदी भाषेला 'हिंत्चे'.