लेण्याद्रीची चढण आणि तिकीट

प्रश्न : सत्तरीतल्या आईला लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचे दर्शन घडवायचे आहे. चढण तिला झेपेल का, आणि देवळासाठी तिकीट का काढावे लागते?

उत्तर : पायऱ्या सुमारे तीनशे आहेत, गुडघे धड असतील तर सकाळी ऊन चढण्यापूर्वी, मध्ये मध्ये बसत त्या चढता येतात, अन्यथा डोली करावी. तिकीट देवस्थानाचे नसून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे आहे, कारण अष्टविनायकांपैकी हे एकच स्थान मुळात बौद्ध विहार असलेल्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. एकही खांब नसलेला तिथला प्रशस्त मंडप दर्शनाच्या घाईत नजरेतून सुटतो, म्हणून थोडे रेंगाळावे. शेजारचे सहाव्या लेण्यातील चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, तर (आमच्या मते) त्याहून देखणे आहे. प्रसादाची पिशवी मात्र माकडांपासून जपावी.