पोल व्हॉल्ट, अमेरिका आणि पुढची नोकरी

तू विचारलंस, पोल व्हॉल्टच्या, म्हणजे बांबूउडीच्या जोरावर अमेरिकेत कॉलेजला जाऊन पुढे कंपनीत वरच्या पदापर्यंत पोचता येईल का. मी त्याच वाटेने आलो, आज एका कंपनीत ऑपरेशन्स सांभाळतो. येईल. पण तुझे सगळे प्रश्न उडीबद्दल आहेत, आणि घोडं अडतं व्हिसाशी.

आधी पैसा. ॲथलेटिक्समध्ये पूर्ण स्कॉलरशिप क्वचितच. कोच रक्कम बऱ्याच जणांत वाटतो. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ जुनी विद्यापीठं) आणि एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन थ्री गटात खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. पोल मात्र विमानातून आणायच्या भानगडीत पडू नकोस, संच कॉलेजकडे असतो. त्यात तुझ्या वजनाला चालणारे किती, आणि व्हॉल्टचा स्वतंत्र कोच आहे की लांब उडीवालाच तेही बघतो, एवढं विचार.

आता विषय, कारण सगळं त्यावर आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीखाली १२ महिने नोकरी करता येते; विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतला असेल तर आणखी २४. नुसतं मार्केटिंग घेतलंस तर बहुधा १२वरच थांबशील. बिझनेस ॲनालिटिक्स बऱ्याच ठिकाणी स्टेममध्ये धरतात. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाचा वार्षिक कोटा ८५,०००, त्यातले २०,००० अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांचे, आणि अर्ज जास्त म्हणून सोडत. सोडतीत एकदा नाव आलं नाही तर पुढच्या वर्षी कंपनी पुन्हा नाव टाकेपर्यंत तिथे कामावर राहता यावं, म्हणून ते २४ महिने.

इंटर्नशिपचीही ओढाताण होते. एनसीएएची मैदानी फायनल जूनमध्ये, तेव्हा बाकीचे कामावर रुजू झालेले असतात. कंपनीशी तारीख आधीच बोलून घे. आणि टीममधली अमेरिकन मुलं २०२१पासून जाहिरातींचे पैसे घेतात ते बघून कुठे सही करू नकोस. एफ-१वर ते बेकायदा काम ठरू शकतं.

अमेरिकन व्हॉल्टर बॉब सीग्रेनचं उदाहरण तू दिलंस: १९६८चं ऑलिंपिक सुवर्ण, नंतर लाँग बीच मॅरेथॉन भरवणाऱ्या कंपनीचा प्रमुख. खरंय, पण त्याला व्हिसा लागत नव्हता! तुझी-माझी उडी मुलाखतीत पाच मिनिटं गप्पांना पुरते, मग समोरचा ताळेबंद वाचायला सांगतो.

कोचला व्हिडिओ पाठवशील तेव्हा रन-अपपासून अख्खी उडी दिसू दे, एखादी फसलेलीही. सोबत पोलची लांबी, त्याचं वजन-रेटिंग (तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे) आणि ग्रिप किती उंचीवर धरतोस ते लिही.